न विकलेल्या गाड्यांच्या गावात चार दिवस

लेक डेट्रॉईटजवळ नोव्हायला राहते. सहा वर्षं म्हणतेय, "बाबा, या ना एकदा," आणि मी दर वेळी काहीतरी कारण काढत आलो. या खेपेला गेलो ते एका अटीवर. नायगारा वगैरे तुम्ही मायलेकी बघून या, मला मात्र चार दिवस गाड्या दाखवायच्या. त्याही रस्त्यावरच्या नाहीत. ज्या कधी विकायलाच आल्या नाहीत, त्या. आजच्या भाषेत कन्सेप्ट कार. जुने अमेरिकन लोक ड्रीम कार म्हणतात.

हा नाद लागायला कारण आहे. पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं फायबरचे साचे काढले. चॉप्ड मॅट, रेझिन, हार्डनर, आणि घरी गेल्यावर रात्रभर मनगटांना खाज. नवी गाडी पत्र्यात उतरायच्या आधी तिचा नमुना आमच्या हातात असायचा. त्यामुळे प्रदर्शनात लोक गाडीचा रंग बघतात तेव्हा मी बाजूला ओणवा होऊन तिच्या अंगावर पडलेलं ट्यूबलाईटचं प्रतिबिंब बघतो. रेघ सरळ गेली तर काम चोख. लचकली की समजायचं, खाली लाट आहे.

पहिला दिवस : डिअरबॉर्न

हेन्री फोर्ड म्युझियम म्हणजे एका छपराखाली वसलेलं गाव. पायाखाली सागवानी लाकूड. इतकं सागवान एका ठिकाणी पाहून आधी मनात त्याचा हिशेबच सुरू झाला. गोळ्या लागल्या तेव्हा केनेडी ज्या गाडीत होते ती गाडी इथेच आहे, आणि कृष्णवर्णीय रोझा पार्क्स ज्या बसमध्ये गोऱ्या माणसासाठी सीट सोडून उठल्या नाहीत ती बसही. त्या बसमध्ये दहा मिनिटं गप्प बसून राहिलो. त्याबद्दल लिहायची ही जागा नव्हे.

फोर्ड न्यूक्लिऑन समोर आली तेव्हा लेक हसायलाच लागली. १९५८ सालचा हा नमुना मूळ मापाच्या तीन-अष्टमांश आहे. पूर्ण मापाची गाडी कधी झालीच नाही. कल्पना अशी की मागे पेट्रोलच्या टाकीऐवजी छोटी अणुभट्टी बसवायची, पाचेक हजार मैल चालवायची आणि मग स्टेशनवर जाऊन भट्टी बदलून घ्यायची. भट्टी आणि तिचं कवच मागे, म्हणून माणसं पार पुढे, पुढच्या चाकांच्याही पुढे बसवलेली.

"बाबा, मागून कुणी ठोकलं तर?"

हा प्रश्न १९५८ साली कुणी विचारला नसेल असं नाही. पण तेव्हा अणुशक्तीवर पाणबुडी चालत होती आणि वीजघरं उभी राहत होती, तर मोटार का नको? भट्टी लहान होत जाईल आणि कवच हलकं होईल, असं धरून चालले होते. ते झालं नाही.

मी खरा रेंगाळलो तो क्रायस्लरच्या टर्बाइन कारपाशी. माझे वडील कुर्ल्याला प्रीमियरमध्ये होते. १९४७ पासून तिथे क्रायस्लर घराण्यातल्या डॉज आणि प्लिमथ जोडल्या जात. वडिलांच्या तोंडी 'डॉज' हा शब्द घरच्या माणसासारखा यायचा, त्यामुळे मला या कंपनीबद्दल उगाचच माया आहे.

गाडी तांबूस-ब्राँझ रंगाची. मागचे दिवे थेट जेट विमानाच्या धुरांड्यांसारखे. अशा एकूण ५५ गाड्या झाल्या. पहिल्या पाच प्रायोगिक, उरलेल्या ५० लोकांच्या हातात देण्यासाठी. बॉडी इटलीत तुरीन शहरातल्या घिया कंपनीनं हातानं बनवली, इंजिन डेट्रॉईटला बसवलं. १९६३ ते १९६६ या काळात २०३ सामान्य ग्राहकांना एकेक गाडी तीन-तीन महिने वापरायला दिली. भाडं नाही, इंधन तेवढं त्यांचं. कन्सेप्ट कार म्हटलं की दोरीच्या पलीकडे ठेवलेली वस्तू आठवते. इथे शिक्षक, विक्रेते, गृहिणी भाजी आणायला टर्बाइन घेऊन जात होत्या. मला या सगळ्या इतिहासात याहून धाडसी प्रयोग दिसत नाही.

इंजिनाची गंमत अशी की त्यात मागे-पुढे जाणारे पिस्टन नाहीत. हवा आत ओढून दाबायची, तीत इंधन जाळायचं आणि त्या गरम वाऱ्यावर चक्र फिरवायचं. शक्ती १३० अश्वशक्ती, सुटे भाग नेहमीच्या इंजिनाच्या मानानं अगदी थोडे. डिझेल चाले, रॉकेल चाले, मेक्सिकोत तर तिथल्या राष्ट्राध्यक्षांसाठी टकीला घालूनही चालवून दाखवली. चालत नसे ते नेमकं तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यावर मिळणारं शिसंयुक्त पेट्रोल. शिशाचा थर आतल्या भागांवर बसे. शिवाय पॅडल दाबल्यावर गाडी क्षणभर विचार करून मग निघे, इंधन जास्त खाई, आणि एवढी उष्णता सोसणारे मिश्रधातू महाग पडत.

प्रयोग संपल्यावर ५५ पैकी ४६ गाड्या नष्ट केल्या. नऊ उरल्या. त्यातली ही एक.

४६ हा आकडा वाचला आणि तिथेच बाकावर बसलो. लेकीला वाटलं, पाय दुखले. पाय दुखत होतेच.

मस्टँग वन पाहिली. १९६२ सालची, दोन माणसांची, बटरपेपरात गुंडाळावी इतकी बारकी, इंजिन पाठीमागे आणि अंग अॅल्युमिनियमचं. दोन वर्षांनी बाजारात आलेल्या मस्टँगशी तिचं नावापलीकडे फारसं नातं नाही. घरी येताना गाडीत मुगाची खिचडी आठवत होतो, आणि घरी पोचलो तर तीच मांडली होती.

दुसरा दिवस : वॉरन आणि स्टर्लिंग हाइट्स

आज काहीच पाहायला मिळणार नाही, हे निघतानाच माहीत होतं. वॉरनचं जनरल मोटर्सचं टेक्निकल सेंटर हे कामाचं ठिकाण आहे. तिकीट काढून आत जाता येत नाही. तरी जाऊन यायचं होतं, जसं बंद देवळाच्या पायरीला हात लावून येतात तसं. माउंड रोडवरून स्टीलची चकचकीत पाण्याची टाकी दिसते, तीन पायांवर उभी. एरो सारिनेन या वास्तुकारानं हा सगळा परिसर आखला. उद्घाटन १९५६ सालचं. आत तळं आहे आणि अॅल्युमिनियमचा घुमट आहे. घुमट का, तर नव्या गाडीचा नमुना वरिष्ठांना दाखवताना उजेड सगळीकडून सारखा पडावा म्हणून. ट्यूबलाईटचा आमचा जुगाड, त्यांनी त्याला घुमट बांधला!

या सगळ्याचं मूळ हार्ली अर्ल. हॉलीवूडचा माणूस. वडिलांचा घोडागाड्या आणि मग मोटारींच्या बॉडी बांधायचा कारखाना. हा तिथे सिनेनटांसाठी खास गाड्या करून द्यायचा. १९२७ सालची लासाल ही गाडी त्यानं आखली आणि ती चालली. मग जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी त्याच्यासाठी नवं खातंच काढलं, आर्ट अँड कलर सेक्शन. १ जानेवारी १९२८ ला ते सुरू झालं. याच १९२८ साली जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली, म्हणजे अर्लच्या खात्याचा हात लागलेल्या गाड्या आपल्याकडे पोचायला फार वेळ गेला नसणार.

अर्लची मोठी देणगी मला विचाराल तर माती. त्याआधी नमुने लाकडात कोरत, नाहीतर पत्रा ठोकून काढत. एकदा कापलं की परत जोडता येत नाही, म्हणून हात आखडता राही. अर्लनं तेलकट मॉडेलिंग क्ले आणली. लाकडाचा सांगाडा, त्यावर भट्टीत गरम करून मऊ केलेली तपकिरी माती थापायची, थंड झाली की खवणीसारख्या हत्यारानं खरवडायची. आवडलं नाही, परत थापा. आमच्याकडे स्टुडिओत हीच माती यायची. गंधकाचा किंचित वास येतो, बोटं मऊ राहतात. माती तासली की तिच्यावर चंदेरी पातळ फिल्म ओली करून ताणून बसवतात, म्हणजे ती रंगवलेल्या पत्र्यासारखी चमकते. मग पुन्हा तेच, ओणवं होऊन रेघ बघायची.

१९३८ साली अर्लनं ब्युइक वाय-जॉब केली. जगातली पहिली कन्सेप्ट कार हिलाच म्हणतात. विमानवाले प्रायोगिक यंत्राला एक्स म्हणत, म्हणून हा पठ्ठ्या एक पाऊल पुढे जाऊन वाय म्हणाला. दिवे झाकणाआड, खिडक्या बटणावर, दाराच्या मुठी अंगात बसवलेल्या. आणि ही गाडी तो स्वतः वर्षानुवर्षं ऑफिसला जायला वापरायचा. मग १९५१ ची ल सॅबर. छत उघडं असताना पाऊस आला तर दोन सीटांमधल्या सेन्सरवर थेंब पडताच ते आपोआप वर यायचं. १९५३ ची फायरबर्ड वन तर चाकं लावलेलं लढाऊ विमान. ३७० अश्वशक्तीची टर्बाइन, मागून निघणारा झोत पावणेसातशे अंश सेल्सिअसचा. मागच्या गाडीवाल्यानं करायचं काय, हे कुणी सांगितलेलं नाही. तिची छोटी प्रतिकृती आजही डेटोना ५०० शर्यतीच्या चषकावर आहे.

वाय-जॉब मला दिसली नाही. ती कंपनीच्या स्वतःच्या संग्रहात असते आणि तो रोजच्या तिकिटावर उघडा नाही. एवढ्या लांब येऊन बाहेरची टाकी बघून परत फिरलो. लेक म्हणाली, "ओळख काढते कुणाची तरी." म्हटलं, राहू दे.

दुपारी रिमझिम लागली. लेकीच्या गाडीचे वायपर आपोआप हलले. ल सॅबरची पोरंबाळं.

तिथून उत्तरेला स्टर्लिंग हाइट्स. दिसायला काही नाही, रुंद रस्ते आणि दुकानं. पण या गावात वॉरहूप्स नावाचं भंगारचं यार्ड होतं, आणि माझ्या दृष्टीनं या प्रवासातलं ते सगळ्यात मोठं तीर्थ. जनरल मोटर्स १९४९ ते १९६१ या काळात 'मोटोरामा' नावाची फिरती प्रदर्शनं भरवत असे. नाचगाणी, वाद्यवृंद, फिरते मंच. लाखो लोक पाहायला येत. प्रदर्शन संपलं की त्या गाड्यांचं काय? बऱ्याचशा मोडायच्याच. त्या रस्त्यावर चालवण्याच्या लायकीच्या नसत. उद्या कुणी चालवून अपघात केला तर जबाबदारी कुणाची? जागाही अडते. शिवाय, हे माझं मत, मागच्या वर्षीचं भविष्य समोर उभं असलं की या वर्षीचं विकता येत नाही.

१९५० च्या दशकाच्या शेवटी वॉरहूप्समध्ये अशा चार गाड्या आल्या. १९५५ च्या दोन लासाल टू, एक शेवरले बिस्केन, आणि १९५६ ची कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूम टाउन कार. हुकूम, चिरडून टाका. यार्डाच्या मालकानं काही कापल्या, पण चिरडली एकही नाही. तशाच ठेवून दिल्या. तीस वर्षांनी शिकागोकडचे संग्राहक जो बॉर्ट्झ यांनी ते सगळे तुकडे उचलले आणि पुढे जोडत बसले. यात माझ्या धंद्याचा हात आहे: या चारही गाड्या फायबरच्या. पत्र्याच्या असत्या तर मिशिगनचे तीस हिवाळे सोसून मुठीएवढा गंज उरला असता. फायबर पिवळं पडतं, तडकतं, पण जागेवर राहतं.

हे वाचलं तेव्हा मला आमचा एका बॉनेटचा नमुना आठवला होता. तीन महिने खपून काढलेला. गाडीचा बेतच रद्द झाला आणि वरून चिठ्ठी आली, नमुना तोडून भंगारात द्या. मी सही केली आणि चहाला गेलो. परत आलो तेव्हा जागा झाडून घेतली होती.

तिसरा दिवस : फ्लिंट

फ्लिंटचं नाव हल्ली नळाच्या शिसं मिसळलेल्या पाण्यामुळे घेतात. पण जनरल मोटर्स इथे १९०८ साली जन्मली, आणि १९३६-३७ ला कामगार कारखान्यातच ठाण मांडून बसले ते इथेच. पहिली कॉर्व्हेटही इथली. जानेवारी १९५३ ला न्यूयॉर्कच्या मोटोरामात ती स्वप्न म्हणून मांडली, आणि ३० जूनला फ्लिंटमध्ये पहिली विकाऊ गाडी बाहेर पडली. पाच महिने! त्या वर्षी ३०० झाल्या, सगळ्या पांढऱ्या, आत लाल, सगळ्या फायबरच्या. इतक्या घाईत फायबर कसं काढलं असेल आणि किती जणांच्या मनगटांना खाज सुटली असेल, याचा विचार माझ्याखेरीज कुणी करत असेल असं वाटत नाही.

स्लोन म्युझियममध्ये मात्र आधीच्या दिवसाची भरपाई झाली. १९५४ ची वाइल्डकॅट टू, पुढच्या चाकांवरची मडगार्डं पंखांसारखी उघडी. आणि १९५६ ची ब्युइक सेंच्युरियन, चक जॉर्डननं आखलेली. लाल-पांढरी, वर काचेचा घुमट, आत चौघांची जागा. मी तिच्याभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. हिला आरसा नाही. ना आत, ना बाहेर. शेपटीत टीव्हीचा कॅमेरा आणि डॅशबोर्डवर छोटा पडदा.

लेक म्हणाली, "हा तर रिव्हर्स कॅमेरा."

होय की! अमेरिकेत मे २०१८ पासून प्रत्येक नव्या मोटारीला तो कायद्यानंच लागतो. मधे बासष्ट वर्षं गेली. सेंच्युरियनमध्ये मात्र तो उलटं जाण्यापुरता नव्हता, आरशाच्या जागीच होता. काचेचा घुमट मात्र कुणी उचलला नाही, आणि ते बरंच झालं. विदर्भात मे महिन्यात अशा गाडीत बसलं तर माणूस नुसता उकडून निघेल.

लेकीला एका वेगळ्या गोष्टीनं चिडवलं. अर्लनं पन्नासच्या दशकात बऱ्याच स्त्री डिझायनर घेतल्या. कंपनीच्या जाहिरातवाल्यांनी त्यांचं नाव 'डॅमसेल्स ऑफ डिझाइन' ठेवलं. त्यातल्या रूथ ग्लेनींनी १९५८ साली एक कॉर्व्हेट सजवली, चार ऋतूंसाठी सीटच्या खोळींचे चार संच. जाहिरातीत खोळी झळकल्या. त्याच गाडीत आपोआप आत जाणारे सीटबेल्टही होते, ते कुणाला महत्त्वाचे वाटले नाहीत. अर्ल त्याच वर्षी निवृत्त झाला आणि पुढे या मंडळींतल्या बहुतेक जणी पांगल्या. लेक स्वतः गाड्यांच्या सुरक्षेचं काम करते. परतताना तिनं बेल्ट जरा जोरातच ओढून लावला.

त्या रात्री खाली इंडियानाच्या वाटेवर एका मोटेलात उतरलो. हीटर रात्रभर खडखडत होता. सकाळी चहा म्हणून जे मिळालं त्याला नाव द्यायचं टाळतो.

चौथा दिवस : ऑबर्न आणि साउथ बेंड

ऑबर्न हे आडगाव आहे आणि तिथलं म्युझियम १९३० सालच्या कंपनीच्या शोरूममध्येच आहे. फरशी, झुंबरं, सगळं त्या काळचं. इथे कॉर्ड ८१० उभी. ही कन्सेप्ट नव्हे, विकायला होती. नोव्हेंबर १९३५ ला पहिल्यांदा दाखवली. पण हिचेही दिवे मडगार्डाच्या आत झाकलेले. कॉर्डच्या पदराखाली स्टिन्सन ही विमानकंपनी होती, तिथले उतरायचे दिवे गाडीत बसवले. डॅशबोर्डच्या दोन टोकांना दोन हँडल, हातानं फिरवा, दिवा वर येतो. वाय-जॉबच्या तीन वर्षं आधी! म्हणजे 'पहिली' हा शब्द कुणासाठी वापरायचा तो जपून. आखणी गॉर्डन ब्युरिग यांची. नाकावरचं रेडिएटरचं देवघर काढून टाकून नुसत्या आडव्या पट्ट्या गुंडाळल्या आहेत. अख्ख्या प्रवासात मला सुंदर वाटलेली गाडी हीच.

साउथ बेंडला पोचायला दुपार झाली. स्टुडबेकर घोडागाड्या बांधायचे, मग मोटारी बांधू लागले, आणि डिसेंबर १९६३ मध्ये इथला कारखाना बंद पडला. म्युझियममध्ये मरणाच्या दारातल्या कंपन्यांची स्वप्नं आहेत, आणि ती धडधाकट कंपन्यांच्या स्वप्नांपेक्षा जास्त खरी वाटतात.

पॅकार्ड प्रेडिक्टर, १९५६. नावाचा अर्थच भविष्य सांगणारी. पुन्हा तुरीनची घिया, नव्वद दिवसांत केलेली. दार उघडलं की छताचा तुकडा आपोआप सरकायचा आणि सीट बाहेरच्या बाजूला वळायची. जानेवारीत शिकागोला ती मांडली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये पॅकार्डचं डेट्रॉईटचं उत्पादन थांबलं. त्याच उन्हाळ्यात क्रायस्लरची नॉर्समन, हीसुद्धा घियाचीच, पंधरा महिने खपून केलेली, पुढच्या काचेला खांबच नसलेली, आंद्रेया दोरिया जहाजातून निघाली. २५ जुलैच्या रात्री जहाजाची टक्कर झाली, सकाळी ते बुडालं, आणि गाडी अमेरिकेत कुणी पाहायच्या आधी तळाला गेली.

तुरीनलाच का, हे मला कारखान्यात उभं राहून कळलं असतं. हातानं पत्रा ठोकणारी माणसं तिथे डेट्रॉईटच्या मानानं स्वस्त होती. अमेरिकेच्या भविष्याची ठोकाठोकी इटलीत झाली.

शेवटी स्टुडबेकरची सेप्टर, १९६३, हीसुद्धा इटलीतच ठोकलेली. ब्रुक्स स्टीव्हन्सची, १९६६ सालासाठी म्हणून आखलेली. पुढे दोन दिवे नाहीत, या कानापासून त्या कानापर्यंत एकच आडवी नळी. आज रस्त्यावर बऱ्याच नव्या गाड्या अशीच पट्टी लावून येतात. मी ओणवा झालो. छताचा दिवा बॉनेटपासून मागच्या काचेपर्यंत सरळ गेला. इटलीतल्या कुणीतरी हे हातानं ठोकलंय, आणि चोख ठोकलंय. सेवकानं येऊन विचारलं, काही पडलंय का खाली?

रात्री साडेनऊला पिंपरीच्या आमच्या जुन्या पॅटर्नमेकर मिस्त्रींना फोन लावला. तिकडे सकाळचे सात. निवृत्तीनंतर ते चाकणपलीकडे गावी असतात. वॉरहूप्सची गोष्ट सांगितली. ते जरा गप्प राहिले.

"साहेब, एक सांगू का. रागावणार नसाल तर."

"सांगा की."

"आपलं ते बॉनेट मोडलं नव्हतं."

"अहो मिस्त्री, चिठ्ठीवर सही मी केली होती."

"सही तुम्ही केलीत. मोडायचं मला सांगितलं होतं."

पाच मिनिटांनी फोटो आला. अंगणातल्या कोंबड्यांच्या खुराड्यावर आमचं बॉनेट, छप्पर म्हणून पालथं घातलेलं. जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत थर, पिवळट पडलाय, कडेला एक तडा, वर एक कोंबडी. फोटो दोन बोटांनी मोठा केला. कोवळं ऊन आडवं पडलं होतं. उजेडाची रेघ पुढून निघून मागेपर्यंत गेली होती, फक्त डाव्या बिजागरीपाशी किंचित लचकत होती. ती लाट मला तेव्हाही दिसली होती. घाई होती म्हणून सोडून दिली होती.